कागदाविना जाणकार

२ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी लोकसभेत एक निवेदन केले. आदल्या वर्षी चीनकडून झालेल्या पराभवाची लष्करी चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्र सिंग भगत यांनी पुरी केली होती. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकूम देण्याघेण्याची रीत, जवानांची शारीरिक तयारी, सेनाधिकाऱ्यांची कुवत अशा मुद्द्यांवर काय उणे पडले ते चव्हाणांनी आटोपशीर शब्दांत सांगितले आणि मूळ अहवाल कुलुपात गेला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला सांगितले, की त्यातला मजकूर अत्यंत संवेदनशील तर आहेच, शिवाय आजच्या लष्करी कारवायांच्या दृष्टीनेही त्याला मोल आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’चे एके काळचे दिल्लीतील वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी आपल्याजवळच्या प्रतीचा मोठा भाग स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवून दिला. असे कागद अनंतकाळ दडवून ठेवू नयेत, असे तेव्हा विरोधी बाकांवर असलेल्या अरुण जेटलींनी लिहिले. चार महिन्यांनी तेच संरक्षणमंत्री होते आणि अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे नाही, असे राज्यसभेला कळवत होते. हव्या त्याने संगणकावर वाचावा असा दस्तऐवज सरकारदप्तरी अजूनही गोपनीय, अशी ही अवस्था आहे.

यातला विनोद सोडून देता येईल, पण त्याची किंमत सोडून देण्याजोगी नाही. अहवाल बंद राहिला म्हणून लोकांचे कुतूहल थांबले नाही. ते ज्याने त्याने आपल्या परीने भागवले. १९६७ मध्ये जनरल बी. एम. कौल यांचे आत्मसमर्थन आले, पुढच्या वर्षी डी. आर. मानकेकरांनी दोषींची यादी मांडली, १९६९ मध्ये नामका चूच्या खोऱ्यात चिनी सैन्याच्या हाती सापडलेले ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ आले. तिघांचेही हात कुठे ना कुठे त्या घटनेत किंवा तिच्या वादात गुंतलेले. आणि १९७० मध्ये मॅक्सवेल यांचे ‘इंडियाज चायना वॉर’ आले. त्यांनी तो गोपनीय अहवाल वाचला होता. त्यांचा प्रतिवाद करू पाहणाऱ्या भारतीय अभ्यासकाला तो मिळण्याची सोय नव्हती. युद्धाचा दोष मुख्यतः भारताच्या पदरी टाकणारी मॅक्सवेल यांची मांडणी जगभरच्या विद्यापीठांत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली, यात त्यांच्या लेखणीइतकाच आपल्या कुलुपाचाही वाटा आहे. गुप्ततेमुळे शत्रूला लाभ होत नाही असे आपण गृहीत धरतो. इथे तो झाला.

सरकारबाहेर राहून संरक्षण आणि परराष्ट्र धोरणावर बोलणारे, लिहिणारे जे जाणकार आहेत, त्यांच्या कामाचा आढावा घेताना सुरुवात इथूनच करायला हवी. या मंडळींची आज उणीव नाही. निवृत्त सेनाधिकारी आहेत, माजी राजदूत आहेत, विद्यापीठातले प्राध्यापक, विचारमंचांतले तरुण संशोधक, उपग्रहाची छायाचित्रे तासन्‌तास न्याहाळणारे हौशी अभ्यासक आहेत. तरीही त्यांच्या म्हणण्याचा कस लावायचा कसा, हा प्रश्न सुटत नाही, कारण कस लावण्याचा दगड सरकारने आपल्याकडे ठेवला आहे. मराठी वाचकाला हा पेच नवा वाटू नये. पानिपतावर बखरी पुष्कळ होत्या. १८९८ मध्ये राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यात त्या दशकातली प्रत्यक्ष पत्रे छापली, आणि तेव्हापासून बखरकाराने काय सांगितले याच्या आधी कागद काय म्हणतो हे विचारण्याची सवय आपल्याकडच्या अभ्यासाला लागली. पेशवे दप्तर अभ्यासकांना खुले करायला इंग्रज सरकारही नाखूशच होते. तरी १९३० च्या दशकात सरदेसायांच्या हातून त्याचे ४५ खंड बाहेर पडले. आज १७६१ च्या जानेवारीत सदाशिवरावभाऊंच्या छावणीत धान्याची काय दशा होती हे आपण जितक्या खात्रीने सांगू शकतो, तितक्या खात्रीने १९६२ च्या ऑक्टोबरात दिल्लीत कोणी कोणता हुकूम का दिला हे सांगता येत नाही. सुरक्षाविषयक चर्चेत बखरीचे युग अजून चालू आहे, आणि त्याचा दोष बखरकारांपेक्षा दप्तर बंद ठेवणाऱ्यांकडे अधिक जातो, असे माझे म्हणणे आहे.

भारतात या व्यवसायाचा पाया ज्यांनी घातला त्या के. सुब्रह्मण्यम यांचेच उदाहरण घ्या. १९६५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था स्थापन झाली, तेव्हा संरक्षणमंत्री चव्हाणच होते. आज त्या संस्थेला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. संस्था सरकारच्या पैशावर चालणारी, तिचे संचालक सुब्रह्मण्यम हे सनदी अधिकारी. पण त्यांनी वर्तमानपत्रांत सातत्याने लिहिले आणि आकडे, भूगोल, शत्रूची गणिते यांवरून जाहीरपणे युक्तिवाद करण्याची रीत पाडली. मार्च १९७१ च्या अखेरीस, ढाक्यात कत्तल सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा पाकिस्तानचे विभाजन भारताच्या हिताचे असून अशी संधी पुन्हा येणार नाही असे त्यांनी एका परिसंवादात सांगितले. पाकिस्तानने ते वाक्य भारताच्या कटाचा पुरावा म्हणून पुढे अनेक वर्षे वापरले. तो सल्ला बरोबर होता की चूक? लगेच लष्करी हस्तक्षेप करायचा की थांबायचे? याचे उत्तर आपण दीर्घकाळ एका गोष्टीवर चालवले: एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत इंदिरा गांधी अधीर झाल्या होत्या आणि जनरल माणेकशा यांनी ठामपणे नकार देऊन हिवाळ्यापर्यंत मुदत मागून घेतली. गोष्ट रंगतदार आहे, सांगणारे स्वतः माणेकशा आहेत, आणि ती किती भाषणांत, किती लेखांत आली याची मोजदाद नाही. मग २०१३ मध्ये श्रीनाथ राघवन यांचे १९७१ वरचे पुस्तक आले. पंतप्रधानांचे प्रधान सचिव पी. एन. हक्सर यांचे कागद त्यांनी धुंडाळले होते. त्यातून दिसते ते असे, की सरकारलाच त्या वेळी घाईचा हस्तक्षेप नको होता; जगाची मान्यता, मुक्तिवाहिनीची उभारणी, निर्वासितांचा प्रश्न यांचा विचार आधीपासून चालू होता. माणेकशांच्या कर्तबगारीला यामुळे बाध येत नाही. मात्र एका सेनापतीने एका पंतप्रधानाला आवरले या कथेवरून मुलकी-लष्करी संबंधांचे जे धडे पन्नास वर्षे दिले गेले, ते पुन्हा तपासावे लागतात. आणि लक्षात घेण्याची गोष्ट ही, की हक्सर यांचे कागद उपलब्ध झाले ते खासगी संग्रह म्हणून. एका अधिकाऱ्याने आपल्याजवळ कागद जपून ठेवले नसते, तर ती कथा तशीच चालू राहिली असती. त्याच डिसेंबरात वॉशिंग्टनमध्ये निक्सन आणि किसिंजर काय बोलत होते, हे अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २००५ मध्ये खंड छापून सांगितले. आपल्या युद्धाबद्दल आपल्याला दिल्लीपेक्षा वॉशिंग्टनमधून अधिक कळते, याची खंत कोणाला वाटल्याचे दिसत नाही.

जुन्या कागदांचे हे झाले. चालू घटनांत मात्र गेल्या दहा वर्षांत एक मोठा बदल झाला आहे: सरकारने सांगितलेल्या गोष्टीची काही अंशी पडताळणी बाहेर बसून करता येऊ लागली आहे. व्यावसायिक उपग्रहांची चित्रे विकत मिळतात, विमानांचे मार्ग उघड दिसतात, पडलेल्या अवशेषांची छायाचित्रे मिनिटांत फिरतात. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर हल्ला झाला आणि जैशचे फार मोठ्या संख्येने अतिरेकी मारले गेल्याचे परराष्ट्र सचिवांनी त्याच सकाळी सांगितले. वाहिन्यांनी लगोलग तीनशेचा आकडा लावला. आठवड्याभरात परदेशी अभ्यासकांनी आणि रॉयटर्सने उपग्रहाची चित्रे दाखवून त्या टेकडीवरच्या इमारती उभ्याच आहेत हे निदर्शनास आणले. त्यावर छप्पर भेदून आत फुटणाऱ्या बॉम्बमुळे भिंती पडत नाहीत असा तांत्रिक खुलासा आला, आणि तो अशक्य नाही. पण त्याला आधार देणारी स्वतःजवळची चित्रे सरकारने लोकांपुढे ठेवली नाहीत, त्यामुळे तो वाद श्रद्धेचा झाला. दुसऱ्याच दिवशी बडगामजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले. दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मेले. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले असावे, असा संशय संरक्षणविषयक वार्ताहर आणि अभ्यासक वसंत ऋतूतच मांडत होते. त्यांना देशद्रोही म्हणून झाले. ऑक्टोबरमध्ये नव्या हवाई दलप्रमुखांनी ती आपली मोठी चूक होती हे मान्य केले. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक होऊन गेली होती.

गलवानच्या वेळी हेच थोड्या वेगळ्या रूपात घडले. १५ जून २०२० च्या रात्री वीस भारतीय जवान मारले गेले. आपल्या हद्दीत कोणी घुसलेले नाही, असे पंतप्रधानांनी चार दिवसांनी सर्वपक्षीय बैठकीत सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्यालयाला त्या विधानाचा खुलासा करावा लागला. ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मासिक कामकाजाचा एक कागद आला. कुगरांग नाला, गोग्रा आणि पँगाँग सरोवराचा उत्तर काठ इथे मे महिन्यात चिनी सैन्याने अतिक्रमण केल्याचे त्यात लिहिलेले होते. बातमी होताच तो कागद काढून टाकण्यात आला. अजय शुक्ला यांच्यासारखे माजी लष्करी अधिकारी असलेले पत्रकार मे महिन्यापासून हेच लिहीत होते. इथे कोणाकडे गुप्त माहिती होती का, हा मुद्दा गौण आहे. मंत्रालयाच्याच एका टेबलावर जे सत्य म्हणून नोंदले गेले, ते दुसऱ्या टेबलाला लोकांनी वाचायला नको होते, एवढे त्यातून उघड झाले.

आता २०२५ च्या मे महिन्याकडे पाहा, कारण बाहेरचे जाणकार नेहमी सरकारच्या विरोधातच बोलतात या तक्रारीला तिथे उत्तर आहे. ८ मेच्या रात्री आपल्या कित्येक वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगितले. तसे काही घडले नव्हते. त्याच आठवड्यात पाकिस्तानच्या हवाई तळांवर भारताने मारा केल्याचे सैन्याने जाहीर केले, आणि या वेळी आधीची-नंतरची चित्रेही पत्रकारांपुढे ठेवली. स्वतंत्र अभ्यासकांनी आपल्याजवळची चित्रे लावून पाहिली. रहिमयार खानच्या धावपट्टीवरचा खड्डा, भोलारीच्या हँगरचे फाटलेले छप्पर, नूर खान तळावरचे नुकसान त्यांना स्पष्ट दिसले, आणि पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनीही ते छापले. ज्या पद्धतीने २०१९ चा दावा अडखळला, त्याच पद्धतीने २०२५ चा दावा टिकला. नूर खानबद्दल भारताचे म्हणणे जगाने मानले ते आपल्या वाहिन्यांच्या आरड्याओरड्याने नव्हे. त्या आरड्याओरड्याने तर खरा दावाही खोट्यात जमा होण्याची वेळ आणली होती. विमानांच्या हानीबाबत मात्र जुनी सवय सुटली नाही. अवशेषांची छायाचित्रे पाहून परदेशी तज्ज्ञ तुकड्यांची ओळख पटवत होते आणि आपल्याकडे त्यावर बोलणेच निषिद्ध ठरले होते. ३१ मे रोजी संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सुरुवातीला विमाने गमावल्याचे मान्य केले, तेही सिंगापुरात, एका परदेशी वृत्तसंस्थेशी बोलताना. ही गोष्ट आपल्या संसदेला आधी कळायला हवी होती.

यावर पहिला आणि सर्वांत भारदस्त आक्षेप असा, की बाहेरच्याला फायली दिसत नाहीत. अर्ध्या माहितीवर तो काय बोलणार? आक्षेपात तथ्य आहे. ऑगस्ट २००९ मध्ये पोखरणच्या चाचण्यांत महत्त्वाची भूमिका असलेले संरक्षण संशोधन संस्थेचे के. संथानम यांनी ११ मे १९९८ चा औष्णिक-अणुस्फोट अपेक्षेप्रमाणे झाला नाही असे सांगितले. पी. के. अय्यंगार यांचीही शंका तीच होती. अनिल काकोडकर आणि आर. चिदंबरम यांनी ते साफ फेटाळले. चौघेही आतले आणि आपापल्या विषयातले जाणते. बाहेरचा माणूस यात निवाडा देऊ शकत नाही, हे खरे. पण आतल्यांचा निवाडाही झालेला नाही, कारण जी मोजमापे पुढे ठेवून वाद मिटला असता ती कोणत्याही त्रयस्थ शास्त्रज्ञासमोर पूर्णपणे आली नाहीत. फायलींजवळ असणे म्हणजे बरोबर असणे, ही समजूत इथेच कोसळते. याउलट अमेरिकेत सप्टेंबर २००२ मध्ये ३३ प्राध्यापकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पैसे देऊन जाहिरात छापली, की इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही. त्यांत केनेथ वॉल्ट्झ होते, जॉन मिअरशायमर होते. एकाकडेही गुप्तचरांची फाइल नव्हती. सद्दामला धाकात ठेवणे शक्य आहे की नाही आणि त्याला हटवल्यावर बाहेर कसे पडणार, हे प्रश्न गुप्त नव्हतेच. त्यांना इतिहास आणि तर्क पुरेसा होता. गुप्त माहिती ज्यांच्याकडे होती ते चुकले. बहुतेक धोरणविषयक प्रश्नांत गुपिताचा भाग आपण समजतो त्याहून पुष्कळ लहान असतो.

याचा अर्थ बाहेरच्याचा शब्द प्रमाण मानावा असा मुळीच नाही. फिलिप टेटलॉक यांनी २८४ राजकीय तज्ज्ञांची भाकिते वर्षानुवर्षे गोळा करून २००५ मध्ये पडताळा प्रसिद्ध केला. तज्ज्ञ साध्या ढोबळ अंदाजांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत, आणि जितका नावाजलेला तितका चुकणारा, असाही कल दिसला. तेव्हा पुढच्या वर्षी चीन काय करील हे या मंडळींना विचारणे आपण बंद करावे हे बरे. झालेल्या गोष्टीचा उलगडा, दाव्याची तपासणी, न विचारलेला प्रश्न विचारणे, हे त्यांचे खरे काम. दुर्दैवाने दूरचित्रवाणीला भाकीतच हवे असते, आणि तेही ओरडून.

दुसरा आक्षेप हितसंबंधांचा. तो माझ्या मते अधिक गंभीर आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष होते. एप्रिल २००८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डेव्हिड बारस्टो यांनी दाखवून दिले, की इराक युद्धाच्या काळात वाहिन्यांवर तटस्थ म्हणून बसणाऱ्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांना पेंटागॉन पद्धतशीरपणे पढवत होते आणि त्यांच्यापैकी अनेकांचे संबंध युद्धसामग्रीच्या कंत्राटदारांशी होते. प्रेक्षकांना याची कल्पना नव्हती. आपल्याकडे दिल्लीतल्या एका मोठ्या विचारमंचाची उभारणी एका उद्योगसमूहाच्या आधारावर झाली, दुसरा मंच आजच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी सुरू केलेला, तिसरा परदेशी संस्थेची शाखा, चौथा थेट मंत्रालयाच्या अनुदानावरचा. यात गुन्हा काही नाही. पण लेखाच्या तळाशी ‘लेखक संरक्षणतज्ज्ञ आहेत’ एवढीच ओळ छापून येते, तेव्हा वाचकाच्या हातात काहीच पडत नाही. निवृत्तीनंतर कोणत्या कंपनीच्या संचालक मंडळावर आहेत, कोणत्या संस्थेचे मानधन घेतात, हे दोन शब्दांत छापणे कोणत्याही संपादकाला शक्य आहे.

निवृत्तांच्याच बाबतीत सरकारचे वागणे पाहण्यासारखे आहे. मे २०२१ च्या अखेरीस निवृत्तिवेतनाच्या नियमांत दुरुस्ती झाली. गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्याने आपल्या संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काही लिहायचे तर आधी परवानगी घ्यावी, असे त्यात आले. बी. रमण यांनी ‘रॉ’मधून निवृत्त झाल्यावर जवळजवळ दोन दशके रोजच्या रोज जे मोकळेपणाने लिहिले, ते आज लिहिता आले असते की नाही याची शंका आहे. पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांचे आत्मकथन २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध व्हायचे होते. त्यातला लडाखविषयीचा काही भाग वृत्तसंस्थेने छापला आणि पुस्तक तपासणीसाठी अडकले. सरकारने आपल्या माजी सेनापतीचे पुस्तक तपासावे यात गैर नाही, जगभर तपासतात. मुदत मात्र हवी. बाकी तेच निवृत्त अधिकारी रात्री नऊ वाजता वाहिनीवर शत्रूचे चार तुकडे करण्याच्या गोष्टी करतात, तेव्हा त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. जबाबदारीने लिहिलेल्या पानांवर पहारा आणि बेजबाबदार बोलण्याला मोकळे रान, असा हा उलटा न्याय आहे.

तिसरा आक्षेप शत्रूच्या कानाचा. लढाई चालू असताना तुकड्यांच्या हालचाली, विमानतळांची अवस्था, पुढचे बेत यांवर मौन पाळलेच पाहिजे. यात वाद नाही, आणि थेट प्रक्षेपणाने काय होते हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीनंतर मुंबईला कोणी शिकवण्याची गरज नाही. प्रश्न लढाई संपल्यानंतरचा आहे. त्या हल्ल्यानंतर महाराष्ट्र सरकारने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिच्या कक्षेत केंद्राच्या संस्था नव्हत्या, त्यामुळे गुप्तवार्तांचे नेमके काय झाले या मूळ प्रश्नाला तिला पुरता हात घालता आला नाही. आणि सरकारने तिचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवायलाही सुरुवातीला टाळाटाळ केली. अमेरिकेच्या ११ सप्टेंबर आयोगाचा अहवाल २००४ मध्ये पुस्तकाच्या दुकानांत विकला गेला. त्यातून अल कायदाला काय मोठे घबाड मिळाले, हे कोणी दाखवलेले नाही. आपल्याकडेही एकदा हे जमले होते. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम यांच्याच अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल, काही मजकूर वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपानेही निघाला. गुप्तचर यंत्रणेची फेरमांडणी, तिन्ही दलांवर एक प्रमुख असावा ही चर्चा, या साऱ्याला त्याने गती दिली. देशाचे त्यात नुकसान झाले नाही. मग कायदा मात्र आजही उलट दिशेला का झुकतो? माहिती अधिकाराच्या कायद्यात वीस वर्षांनी बहुतेक अपवाद गळून पडतात, पण सुरक्षेचा अपवाद तसाच राहतो. त्याला वयाची अट नाही. ब्रिटनने आपले दप्तर तीस वर्षांऐवजी वीस वर्षांनी उघडायचे ठरवले. आपण १९६३ चा कागद धरून बसलो आहोत.

मराठीपुरते बोलायचे तर या विषयाची परंपरा आपल्याकडे हलकी नाही. गोविंद तळवलकरांनी सोव्हिएत साम्राज्याचा उदयास्त लिहिला, अरुण साधूंनी चीनची क्रांती मराठीत आणली, मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी १९६२ च्या शोकांतिकेवर मराठीतच ग्रंथ रचला. राम प्रधानांनी चव्हाणांची १९६५ च्या युद्धातली रोजनिशी प्रसिद्ध केली, पण इंग्रजीत. विजय गोखले यांच्यासारखा परराष्ट्र सचिव निवृत्तीनंतर चीनवर एकामागून एक पुस्तके लिहितो, तीही आधी इंग्रजीत येतात. हे समजण्यासारखे आहे. धोरणाची भाषा दिल्लीत इंग्रजी आहे. मात्र मराठी वृत्तपत्रांत जे येते त्याचा मोठा भाग आज भाकीत, उपदेश आणि ‘आतल्या गोटातून समजते’ यांनी व्यापलेला दिसतो. राजवाड्यांच्या भाषेत लिहिणाऱ्याने ‘हे तुम्हाला कशावरून कळले’ या प्रश्नाची तयारी ठेवूनच लेखणी उचलावी, आणि संपादकाने तो प्रश्न छापण्याआधी विचारावा.

निवृत्तांच्या लेखणीवर बंधन घातले त्यानंतर पंधरा दिवसांतच, १२ जून २०२१ रोजी, संरक्षण मंत्रालयाने आणखी एक धोरण मंजूर केले, आणि त्याचे श्रेय सरकारला दिलेच पाहिजे. युद्धे आणि लष्करी मोहिमा यांचा इतिहास पाच वर्षांत सिद्ध करावा, तुकड्यांच्या युद्ध-रोजनिश्या इतिहास विभागाकडे द्याव्यात, आणि दस्तऐवज साधारणपणे २५ वर्षांनी खुले करावेत, असे त्यात म्हटले आहे. या हिशेबाने हेंडरसन ब्रुक्स यांच्या अहवालाची मुदत १९८८ मध्येच भरली, आणि कारगिलच्या उन्हाळ्यातल्या रोजनिश्यांची २०२४ मध्ये.